यादीत नाही म्हणजे चालतं का? ओझोनला मारक सॉल्व्हंट आणि सरकारी नियम, जरा सविस्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्याकडे धातूचे पार्ट्स साफ करायला व्हेपर डिग्रीझर आहे, म्हणजे उकळत्या सॉल्व्हंटच्या वाफेने तेल-ग्रीस धुणारं मशीन, सप्लायर म्हणतो की नॉर्मल प्रोपिल ब्रोमाइड घ्या, ते मॉन्ट्रियल प्रोटोकॉलच्या, म्हणजे ओझोन वाचवण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत नाही त्यामुळे कायदेशीर आणि सेफ, आणि शिवाय गोडाऊनमध्ये जुन्या १,१,१-ट्रायक्लोरोइथेनचे दोन सीलबंद ड्रम सापडलेत, ते वापरले तर चालेल का.

माझं उत्तर आधीच देऊन टाकतो. यादीत नाही हे खरं. त्यामुळे सेफ हे साफ खोटं. त्यामुळे कायदेशीर हे अर्धवट, कारण कुठली यादी आणि कुठल्या कामासाठी हे विचारल्याशिवाय त्या वाक्याला काही अर्थच नाही. आणि ड्रम उघडू नका, त्यांच्याबद्दल शेवटी लिहितो. मी या क्लिनिंगच्या धंद्यात पंचवीसेक वर्षं घालवलीत, आधी शॉप फ्लोअरवर आणि नंतर कंप्लायन्समध्ये, आणि "यादीत नाही" हे वाक्य मी प्रत्येक नव्या सॉल्व्हंटच्या वेळी ऐकलंय, दर वेळी तितक्याच आत्मविश्वासाने.

पहिला गोंधळ असा की लोकांना वाटतं मॉन्ट्रियल प्रोटोकॉल तुमच्या टाकीवर बंदी घालतो. तसं नाहीये. १६ सप्टेंबर १९८७ ला सह्या झालेला हा करार मुळात नळ बंद करणारा आहे. तो देशांना सांगतो की अमुक पदार्थाची निर्मिती आणि वापर इतका कमी करा, आणि इथे वापर हा शब्द फसवा आहे बरं का, त्याचा करारातला हिशोब म्हणजे निर्मिती अधिक आयात वजा निर्यात, एवढंच. कोणी टाकीत किती ओतलं हे त्यात मोजलंच जात नाही. निर्मितीतूनही मान्यताप्राप्त पद्धतीने नष्ट केलेला माल वजा होतो आणि दुसरं केमिकल बनवायला कच्चा माल म्हणून पूर्ण खपलेला, ज्याला फीडस्टॉक म्हणतात, तो पण वजा होतो. म्हणूनच कार्बन टेट्राक्लोराइड आजही जगात मोठ्या प्रमाणावर बनतं आणि ते बेकायदेशीर नाही, कारण ते सॉल्व्हंट म्हणून विकलं जात नाही, त्याचं पुढे दुसरं काहीतरी बनतं. तुमच्या टाकीपर्यंत जो कायदा येतो तो तुमच्या देशाचा स्वतःचा असतो, आणि तो प्रोटोकॉलपेक्षा कडक असू शकतो आणि बऱ्याचदा असतोच.

आता हे सगळं हिशोबात बसवायला एक एकक आहे, ओडीपी टन, म्हणजे पदार्थाचे टन गुणिले त्याची ओझोन मारायची ताकद (ओडीपी). सीएफसी-११ (सीएफसी म्हणजे क्लोरोफ्लुरोकार्बन) ला १ धरलं तर सीएफसी-११३ ला ०.८, कार्बन टेटला १.१, आपल्या १,१,१ ला, म्हणजे ज्याला मिथिल क्लोरोफॉर्म पण म्हणतात त्याला, ०.१, आणि एचसीएफसी-१४१बी ला (एचसीएफसी म्हणजे हायड्रोजन असलेले सीएफसीचे भाऊबंद) ०.११. म्हणजे १० टन १४१बी आणलं तर देशाच्या खात्यात १.१ ओडीपी टन पडतात. एक गंमत बघा, १४१बी हे १,१,१ ला पर्याय म्हणून आलं आणि त्याचा आकडा मुळाच्याच बरोबरीचा, किंचित जास्तच. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने ते सॉल्व्हंट म्हणून जवळजवळ सगळ्याच कामांना नाकारलं ते याच कारणाने. तिकडे १९९० च्या क्लीन एअर अ‍ॅक्टच्या सुधारणांमधून एक वेगळी व्यवस्था आली, १९९४ पासून चालू आहे, तिला स्नॅप म्हणतात, त्यात पर्याय म्हणून येणारं प्रत्येक केमिकल प्रत्येक कामासाठी वेगवेगळं तपासतात. हे वेगवेगळं तपासणं लक्षात ठेवा, नॉर्मल प्रोपिल ब्रोमाइडच्या गोष्टीत परत येणार आहे.

थोडा इतिहास सांगतो, म्हणजे नियम असे का झाले ते कळेल. सीएफसी-११३ हे खरंच अफलातून सॉल्व्हंट होतं, उगाच शिव्या घालायच्या म्हणून घालू नयेत. पेटत नाही, ४७.६ अंशाला उकळतं, पृष्ठताण १७ च्या आसपास (पाण्याचा ७२), त्यामुळे पार्टच्या बारीकसारीक फटीत घुसतं आणि बाहेरही येतं, प्लास्टिकला धक्का नाही, कामगाराला वास नाही की चक्कर नाही. सर्किट बोर्डावरचा सोल्डरिंग फ्लक्स धुवायला यापेक्षा सोपं काही नव्हतं. आणि तेच त्याचं पाप, इतकं शांत आणि टिकाऊ की हवेत सोडलं की ८०-९० वर्षं तसंच राहतं, हळूहळू स्ट्रॅटोस्फियरपर्यंत चढतं आणि तिथे अतिनील किरणांनी तुटून क्लोरीन मोकळा करतं. मोलिना आणि रोलंड यांनी ही रसायनशास्त्राची साखळी १९७४ मध्ये मांडली, १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरच्या ओझोन छिद्राचा पेपर आला, आणि दोनच वर्षांत करार. सीएफसी-११३ पहिल्याच यादीत होतं. १,१,१ आणि कार्बन टेट १९९० च्या लंडन दुरुस्तीत आले, एचसीएफसी १९९२ च्या कोपनहेगनमध्ये, आणि ब्रोमोक्लोरोमिथेन १९९९ च्या बीजिंगमध्ये. विकसित देशांत पहिल्या तिघांची तारीख १ जानेवारी १९९६, विकसनशील देशांना सीएफसी आणि कार्बन टेटसाठी २०१० आणि १,१,१ साठी २०१५. एचसीएफसी विकसित देशांत २०२० ला संपले, विकसनशील देशांत २०३० ला संपणार, जुनी यंत्रं दुरुस्त करायला ठेवलेला थोडा हिस्सा सोडून.

पण तारखांनी एकट्याने काम झालं नाही. मला विचाराल तर सॉल्व्हंट खरं हलवलं ते तीन गोष्टींनी, आणि तिन्ही तशा कंटाळवाण्या आहेत.

पहिली म्हणजे स्पेसिफिकेशन. अमेरिकन लष्कराच्या कागदांत लिहिलेलं होतं की बोर्ड अमुक पद्धतीने अमुक सॉल्व्हंटने धुवायचे, आणि लष्कराला माल विकणारा, त्याला पार्ट विकणारा, त्यालाही पार्ट विकणारा, सगळे तेच करत, लष्कराशी काही संबंध नसलेले पण तेच करत कारण ड्रॉईंगवर तसं छापलेलं. सीएफसी-११३ च्या खपाचा मोठा हिस्सा असा कागदावर उभा होता. मग सरकार, लष्कर आणि कंपन्यांनी मिळून एक बेंचमार्क टेस्ट ठरवली, सीएफसी-११३ ने बोर्ड जितका स्वच्छ होतो तितका किंवा त्याहून स्वच्छ जो करून दाखवेल तो पर्याय मान्य. एकदा "हेच वापरा" च्या जागी "इतकं स्वच्छ हवं" असं झालं की इंजिनिअर लोकांनी वाटा काढल्या. लिंबूवर्गीय सालीतून मिळणारं टर्पीन आलं, साबण-पाणी आलं, आणि सगळ्यात भारी म्हणजे नो-क्लीन फ्लक्स आला, म्हणजे धुवायचीच गरज नाही. वर्षानुवर्षं आपण जे धूत होतो त्यातलं बरंचसं धुवायची गरजच नव्हती हे कळल्यावर काय वाटलं असेल कल्पना करा. आमच्याकडे मी स्वतः हे पाहिलंय, एका पार्टला चार वेळा डिग्रीझिंग होतं, का म्हणून विचारत गेलो तर दोन वेळांचं कारण कोणालाच माहीत नव्हतं, आधीच्या सुपरवायझरने सांगितलेलं एवढंच.

दुसरी म्हणजे टॅक्स. अमेरिकेत १९९० पासून ओझोनमारक पदार्थांवर एक्साइज लागला, सुरुवातीला पाउंडाला १.३७ डॉलर गुणिले ओडीपी. १९९५ पर्यंत तो मूळ दर ५.३५ डॉलर झाला होता. म्हणजे सीएफसी-११३ च्या एका पाउंडावर ०.८ ने गुणून ४.२८ डॉलर नुसता टॅक्स. यात ओडीपीने गुणायची कल्पना फार हुशार आहे, कारण जो पदार्थ जास्त वाईट तो आपोआप जास्त महाग, वेगळी भाषणबाजी करायची गरज नाही. साठ्यावरही टॅक्स होता, त्यामुळे आधीच भरून ठेवतो म्हणणाऱ्यांची पण सोय झाली नाही. टाकीचं झाकण उघडं ठेवायची सवय अशाने सुटते, पोस्टर लावून सुटत नाही.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात प्रभावी, लेबल. १५ मे १९९३ पासून तिथे नियम झाला की पहिल्या वर्गातले (सीएफसी, कार्बन टेट, १,१,१ वगैरे) ओझोनमारक पदार्थ ज्यात आहेत किंवा जे वापरून माल बनवलाय त्यावर स्पष्ट इशारा छापायचा, की हा पदार्थ वरच्या वातावरणातला ओझोन नष्ट करून सार्वजनिक आरोग्य आणि पर्यावरणाला हानी पोचवतो. आता विचार करा, तुम्ही चकचकीत इलेक्ट्रॉनिक वस्तू विकताय, तिच्यात सॉल्व्हंटचा थेंबही उरलेला नाही, पण बनवताना बोर्ड सीएफसीने धुतला म्हणून खोक्यावर हे छापायचं. कोणत्या मार्केटिंगवाल्याला चाललं असतं? झालं असं की मोठ्या कंपन्यांनी आपल्या सगळ्या सप्लायरांना पत्रं पाठवली, तुम्ही काय वापरता ते लिहून द्या नाहीतर ऑर्डर बंद, आणि जिथे कुठला इन्स्पेक्टर कधी पोचला नसता तिथपर्यंत तो नियम पोचला.

आता तुमच्या नॉर्मल प्रोपिल ब्रोमाइडवर येतो. याला १-ब्रोमोप्रोपेन किंवा एनपीबी पण म्हणतात, कॅस नंबर, म्हणजे प्रत्येक केमिकलचा ठरलेला ओळख क्रमांक, १०६-९४-५. उकळबिंदू ७१ अंश, विरघळवण्याची ताकद १,१,१ आणि ट्रायक्लोरोइथिलीनच्या तोडीची, जुन्याच मशीनमध्ये थोडे सेटिंग बदलून चालतं, म्हणून सप्लायरला ते विकायला सोपं. ब्रोमीन ओझोनला क्लोरीनपेक्षा कितीतरी जास्त मारक, मग यादीत का नाही? कारण ते हवेत फार टिकत नाही, काही आठवडेच, त्यामुळे बहुतेक भाग वर पोचायच्या आधीच तुटतो. पण यात एक पेच आहे. इतक्या कमी आयुष्याच्या पदार्थाला एक ठराविक ओडीपी देताच येत नाही, तो कुठे सोडला यावर ठरतं. अमेरिकेच्या अक्षांशांवर सोडला तर ०.०१३ ते ०.०१८, आणि विषुववृत्ताजवळ सोडला तर ०.०७१ ते ०.१००, कारण तिथे गरम हवा सरळ वर उचलून नेते. म्हणजे उष्ण कटिबंधात तोच ड्रम जवळपास १,१,१ इतका वाईट ठरू शकतो. यादीत एका पदार्थासमोर एक आकडा लिहायची पद्धत आहे, आणि हा पदार्थ त्या चौकटीत बसत नाही. यादीत नसण्याचं मोठं कारण हे आहे, निर्दोष असणं नव्हे.

आणि ओझोन बाजूला ठेवला तरी खरी अडचण माणसांची आहे. कुशनचा फोम चिकटवणाऱ्या कारखान्यांत एनपीबीचा गम फवारणाऱ्या कामगारांना पायाला मुंग्या येणं, पाय बधिर होणं, नीट चालता न येणं असे मज्जासंस्थेचे त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. स्नॅपने २००७ मध्ये काय केलं बघा, धातू, इलेक्ट्रॉनिक्स आणि प्रिसिजन क्लिनिंगसाठी एनपीबी मान्य केलं, आणि एरोसोल आणि गमसाठी नाकारायचा प्रस्ताव त्याच वेळी मांडला. केमिकल तेच, निकाल दोन, कारण एका ठिकाणी वाफ मशीनमध्ये अडवता येते आणि दुसऱ्या ठिकाणी ती माणसाच्या तोंडासमोर फवारली जाते. त्यानंतर गोष्टी आणखी कडक झाल्या. अमेरिकेतल्या एसीजीआयएच या कामगार-आरोग्य तज्ज्ञांच्या संस्थेने कामाच्या जागेवरची शिफारस केलेली मर्यादा १० पीपीएमवरून (हवेच्या दशलक्ष भागांत इतके भाग) २०१४ मध्ये थेट ०.१ पीपीएमवर आणली. उघड्या तोंडाच्या डिग्रीझरला ०.१ पीपीएम पाळून दाखवा, मी तुम्हाला नमस्कार करेन. युरोपात जुलै २०२० नंतर खास परवानगीशिवाय वापरता येत नाही. अमेरिकेत जानेवारी २०२२ मध्ये ते घातक वायुप्रदूषकांच्या यादीत गेलं, १९९० मध्ये ती यादी झाल्यापासून नवीन घातलेलं हे पहिलं केमिकल. आता सप्लायरला विचारा, कुठल्या यादीत नाही म्हणालात?

अर्थात एनपीबी नको म्हणून ट्रायक्लोरोइथिलीनकडे परत जायचं तर ते आगीतून फुफाट्यात. ९० च्या दशकात खूप जणांनी हेच केलं, ओझोनचा नियम पाळायला कॅन्सर करणारं सॉल्व्हंट परत आणलं, आणि कागदावर सगळे खूश. युरोपात त्याची मुदत एप्रिल २०१६ ला संपली, अमेरिकेने डिसेंबर २०२४ मध्ये त्यावर बंदीचा अंतिम नियम जाहीर केला, त्याच सुमारास परक्लोरोइथिलीनवरही कडक निर्बंध. मग लोक फ्लोरिनेटेड इथरकडे गेले, ओझोनला शून्य धोका, पण तिथे पीफास म्हणजे न विघटणाऱ्या फ्लोरीनवाल्या केमिकल्सचा प्रश्न उभा राहिलाय. त्यातली एक बडी उत्पादक, थ्रीएम, हिने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलं की २०२५ अखेर पीफासचं उत्पादनच बंद करणार. एचएफसी, म्हणजे क्लोरीन नसलेली फ्लोरीनवाली केमिकल्स, असलेली मिश्रणं प्रोटोकॉलच्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीत अडकली, ओझोनसाठी नाही, तापमानवाढीसाठी. प्रत्येक कायदा आपापला एकच धोका बघतो आणि तुमच्या टाकीत मात्र सगळे धोके एकत्र उकळत असतात, त्यामुळे सॉल्व्हंट निवडताना ओझोन, कामगार, भूजल, आग आणि हवामान हे पाचही रकाने भरल्याशिवाय मी सही करत नाही.

सवलतींबद्दल पण कोणीतरी विचारेलच म्हणून दोन शब्द. काही होत्या आणि काही अजून आहेत. अमेरिकेला स्पेस शटलच्या सॉलिड रॉकेट मोटर बनवताना पृष्ठभाग साफ करायला आणि चिकटवायला १,१,१ ची सवलत मिळाली होती, कारण तिथे पर्याय सिद्ध करायला वेळ लागणार होता आणि चूक झाली तर माणसं मरणार. लॅबमधल्या चाचण्यांसाठी उच्च शुद्धतेच्या मालाला जागतिक सवलत आहे, पण तिच्यातूनही पाण्यातलं तेल आणि ग्रीस मोजणं, रस्त्याच्या डांबराची चाचणी आणि बोटांचे ठसे उठवणं ही कामं २००२ पासून वगळली. कारण पर्याय सापडले होते. तुमचा डिग्रीझर यातल्या कशातच बसत नाही.

आता कागद कसे तपासायचे. ब्रँडच्या नावावर अजिबात जाऊ नका, "इको", "ग्रीन", "ओझोन फ्रेंडली" हे शब्द म्हणजे लेबलावरची रांगोळी. सेफ्टी डेटा शीटचा, म्हणजे केमिकलसोबत येणाऱ्या सुरक्षा माहितीपत्रकाचा, विभाग ३ काढा आणि कॅस नंबर वाचा. ७१-५५-६ म्हणजे १,१,१. ५६-२३-५ म्हणजे कार्बन टेट. ७६-१३-१ म्हणजे सीएफसी-११३. १७१७-००-६ म्हणजे १४१बी. नंबरच्या जागी "प्रोप्रायटरी मिश्रण" लिहिलं असेल तर लेखी विचारा आणि उत्तर येईपर्यंत ऑर्डर देऊ नका. आमच्याकडे एकदा कॉन्टॅक्ट क्लीनरचे कॅन आले, शीटवर नुसतं हॅलोजनेटेड हायड्रोकार्बन असं लिहिलेलं, सप्लायर म्हणाला सगळे हेच घेतात, आम्ही सॅम्पल लॅबला पाठवलं तर अर्ध्याहून जास्त १४१बी. परत केलं, पण तोवर दोन खोकी वापरून झाली होती आणि रजिस्टरमध्ये ते लिहायला मला लाज वाटली, पण लिहिलं. विभाग १५ मध्ये नियमांची माहिती असते, ती बऱ्याचदा दुसऱ्या देशातून कॉपी केलेली असते, तिच्यावर विसंबू नका.

तुमचे दोन ड्रम. प्रोटोकॉल जुना साठा वापरायला मनाई करत नाही, पण युरोपसारख्या ठिकाणी वापरालाच बंदी आहे, आणि इतर ठिकाणी डिग्रीझिंगच्या हवेच्या प्रदूषणाचे वेगळे नियम लागतात, त्यामुळे आधी तुमच्या देशातल्या ओझोन विभागाला लेखी विचारा, जवळपास प्रत्येक देशात असा विभाग आहे. पण कायद्याने परवानगी मिळाली तरी मी वापरणार नाही, आणि त्याचं कारण ओझोन नाही. १,१,१ मध्ये स्टॅबिलायझर घातलेले असतात, बऱ्याचदा १,४-डायॉक्सेन, कारण नुसतं १,१,१ अ‍ॅल्युमिनियमच्या ताज्या पृष्ठभागाशी जोरात रिअ‍ॅक्शन करतं, हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड तयार होतं आणि एकदा सुरू झालं की थांबवणं अवघड. इतक्या वर्षांनी त्या ड्रममध्ये स्टॅबिलायझर किती उरलाय सांगता येत नाही. त्यात अ‍ॅल्युमिनियमचे पार्ट बुडवले तर मशीन जाईल आणि नशीब खराब असेल तर माणूस पण. शिवाय हा डायॉक्सेन पाण्यात सहज मिसळतो, तो भूजलात गेला की काढता काढता नाकी नऊ येतात, म्हणून ड्रम सांडतील अशा जागी ठेवू नका, खाली ट्रे ठेवा, दुसऱ्या टाकाऊ तेलात तर अजिबात मिसळू नका, मिसळलं की सगळाच लॉट हॅलोजनेटेड घातक कचरा होतो आणि खर्च वाढतो. लेबल शाबूत असेल तर फोटो काढून ठेवा, यूएन नंबर (धोकादायक मालाचा वाहतूक क्रमांक) २८३१ दिसायला हवा. मग प्रोटोकॉलच्या मान्य पद्धतीने जाळणाऱ्या, ९९.९९ टक्के नाश सिद्ध केलेल्या प्लांटकडे द्या आणि सर्टिफिकेट मागा.

एक अवांतर, मला स्वतःला आवडणारं. १,१,१ हवेत साधारण पाच वर्षं टिकतं. त्यामुळे बंदी आल्यावर ते हवेतून भराभर उतरलं, ९० च्या दशकाच्या सुरुवातीला १३० पीपीटीच्या (पीपीटी म्हणजे हवेच्या एक लाख कोटी भागांत एक भाग) आसपास होतं ते २०२० च्या आसपास दीड-दोन पीपीटीवर आलं, आणि ते ज्या वेगाने उतरलं त्यावरून शास्त्रज्ञांनी हवेतल्या हायड्रॉक्सिल रॅडिकलचा, म्हणजे हवेच्या स्वतःच्या सफाई यंत्रणेचा, अंदाज बांधला. आपण पार्ट्स धुवायला वापरलेलं सॉल्व्हंट बंद केल्यावर हवा स्वतःला किती वेगाने धुते हे त्यातून कळलं.

राहिला तुमच्या डिग्रीझरचा प्रश्न. सॉल्व्हंट कोणतं हे मी आत्ता सांगणार नाही, कारण तुम्ही घाण कोणती आहे तेच लिहिलेलं नाही. पार्ट स्टीलचे की अ‍ॅल्युमिनियमचे, त्यावर कटिंग ऑईल आहे की पॉलिशिंगचं मेण, आंधळी भोकं आहेत का, पुढची प्रोसेस प्लेटिंग आहे की नुसतं पॅकिंग, तासाला किती पार्ट, आणि मशीन उघड्या तोंडाची की बंदिस्त. पुढे नुसतं पॅकिंग असेल तर मी आधी पाणी-डिटर्जंटची ट्रायल घेईन, वीस पार्ट पुरतात, आणि पाण्याने गंज येतोय असं दिसलं तर रिन्समध्ये इनहिबिटर आणि गरम हवेचा ड्रायर जोडून परत बघेन. एवढी माहिती लिहा, मग पुढचं बोलू, आणि तोवर एनपीबीची ऑर्डर थांबवा.